निकालापूर्वीची दाद

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या समाजात इतकी रुळली आहे की तिच्यामागील अनुभवाचा विचार आपण क्वचितच करतो. न्यायाधीश अन्यायी असतात, असे ती म्हण सांगत नाही. पायरी चढलेला मनुष्य खाली केव्हा उतरेल याचा नेम नाही, एवढेच तिला सांगावयाचे आहे. हा नेम नसण्याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांपैकी एकाचा इतिहास फार जुना, फार बोधप्रद आणि आपल्या मराठी मुलखाशी निकटचा संबंध असलेला आहे. दाव्याचा निकाल लागण्यापूर्वीच, मध्ये दिलेल्या एखाद्या हुकुमावर वरच्या न्यायालयाकडे धाव घेण्याचा हक्क पक्षकारास असावा की नसावा, हा तो प्रश्न होय. त्याचा मागोवा येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही कायदेपंडित नव्हे. इतिहासाचे वाचक या नात्यानेच हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करू. दावा दाखल झाला म्हणजे न्यायाधीश एकदम निकाल देत नाही. हे न्यायालय या दाव्यास योग्य आहे काय, कोणास पक्षकार करावे, कोणता कागद पुराव्यात घ्यावा, वादातील मिळकतीवर तात्पुरता मनाई हुकूम द्यावा काय, अशा अनेक बाबींवर त्यास वाटेत हुकूम द्यावे लागतात. विधिभाषेत त्यांस अंतर्वर्ती किंवा वादकालीन हुकूम म्हणतात. अशा प्रत्येक हुकुमावर अपील करू दिले, तर पैसेवाला पक्षकार गरीब प्रतिपक्षास पायरीपायरीवर अडवून जेरीस आणील आणि मूळ दावा जागचा हलणार नाही. उलट एकाही हुकुमावर अपील करू दिले नाही, तर काय होईल? एखाद्याच्या वडिलोपार्जित वाड्यावर कुदळ पडणार आहे आणि त्याचा मनाई हुकुमाचा अर्ज चुकीने फेटाळला गेला आहे, असे समजा. दहा वर्षांनी तो दावा जिंकेल, पण तोवर वाड्याच्या जागी मोकळी जमीन उरलेली असेल. बैल गेला आणि झोपा केला, अशातलाच तो न्याय! विलंबाचे भय एकीकडे आणि न भरून येणाऱ्या हानीचे भय दुसरीकडे, अशा या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न निरनिराळ्या राज्यकर्त्यांनी निरनिराळ्या काळी केले.

मराठेशाहीत न्यायालयांची आजच्यासारखी आखीव उतरंड नव्हती; तथापि हा पेच तेव्हाही ठाऊक होता. गोतसभेपुढे वाद आला म्हणजे उभय पक्षांकडून प्रारंभीच जामीन व राजीनामा घेत. राजीनामा हा शब्द आज आपण नोकरी सोडण्याच्या कागदास वापरतो. त्या काळी त्याचा अर्थ, ‘या सभेचा निवाडा आम्ही राजीखुशीने मान्य करू’ अशी लेखी कबुली, असा होता. मध्येच कुरबूर करण्याचा मार्ग या कबुलीने पुष्कळसा बंद होई. परंतु गावचे गोत प्रतिपक्षाच्या दडपणाखाली आहे अशी ज्याची खात्री होई, तो परस्थळ मागे, म्हणजे आपला वाद दूरच्या, निःपक्षपाती ठिकाणच्या सभेपुढे न्यावा अशी सरकारास विनंती करी. आणि ती मान्य झाल्याची उदाहरणे जुन्या महजरांत व निवाडपत्रांत आढळतात. डॉ. वि. त्रिं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या पद्धतीचा साधार परामर्श घेतला आहे. निकालाच्या बरेवाईटपणाविषयी मध्येच तक्रार नाही, पण न्यायसभाच योग्य नसेल तर तक्रार निकालापूर्वीच ऐकली पाहिजे, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. ते पुढे आपल्यास पुन्हा भेटणार आहे.

याच काळात मराठी व कोकणी बोलणाऱ्या मुलखाचा एक भाग अगदी वेगळ्या न्यायपरंपरेखाली नांदत होता. तो म्हणजे गोवा. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकले आणि १५४४ साली तेथे ‘रेलासांव’ नावाचे उच्च न्यायालय स्थापन केले. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महालही पोर्तुगीज अमलाखाली आले आणि तेथील रयतेचे वाद त्याच पद्धतीने चालू लागले. या पद्धतीत अंतिम निकालावरील अपिलाहून निराळा असा एक उपाय होता. त्याचे नाव ‘अग्रावु’. निकालापूर्वीच्या हुकुमाने ज्यास पीडा झाली त्याने करावयाची ती तक्रार. ज्या लॅटिन शब्दापासून हे नाव आले त्याचा अर्थ जड, भारी असा असून आपल्या ‘गुरु’ या शब्दाशी त्याचे कुळ एकच आहे. अन्यायाचा भार ज्याच्या माथी पडला त्याची ही फिर्याद, असा या नावाचा भाव होय.

अग्रावुच्या जन्माची कथा मोठी मनोरंजक आहे. रोमन सम्राट जस्टिनियन याच्या इ. स. ५३४ च्या संहितेने अंतिम निर्णयापूर्वी अपील करण्यास मनाई केली होती. ख्रिस्ती धर्मपीठाच्या न्यायालयांनी मात्र मधल्या हुकुमांवरही अपिले घेण्यास मुभा दिली, आणि त्यामुळे खटले वर्षानुवर्षे लोंबकळू लागले. अखेर १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ती मुभा आकुंचित करून, अंतिम निकालाने जी हानी भरून निघणार नाही तेवढ्यापुरतीच ती ठेवली. पोर्तुगालचा राजा चौथा अफोन्सु याने तर चौदाव्या शतकातच असा निर्बंध घातला होता. परंतु लोक गप्प बसले नाहीत. अपील करता येत नाही, तर राजाकडे गाऱ्हाणे नेण्यास कोणाची आडकाठी? राजाची स्वारी ज्या गावी असेल तेथे जाऊन ते आपली कैफियत मांडू लागले. राजा एकाच बाजूचे ऐकून, ‘हे सांगतात ते खरे असल्यास हुकूम फिरवावा’ अशी पत्रे देऊ लागला. तेव्हा न्यायाधीश कुरकुरू लागले, कारण सांगणारा पुष्कळदा खरे सांगत नसे. मग नियम झाला की गाऱ्हाण्यासोबत त्या न्यायाधीशाचे उत्तर व दाव्यातील आवश्यक कागदांच्या नकला असलेले पत्र जोडावे. या पत्रास ‘इन्स्त्रुमेंतु’ म्हणत. अशा रीतीने जे दार कायद्याने बंद केले, त्याच्या शेजारी लोकांनी खिडकी पाडली, आणि कायद्याने अखेर त्या खिडकीस चौकट बसविली. हीच अग्रावुची उत्पत्ती होय.

या चौकटीतील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक अशी की, नकलांची स्वतंत्र फाईल वर जात असल्यामुळे मूळ दप्तर खालच्या न्यायालयातच राही आणि सामान्यतः दावा पुढे चालू शके. दुसरी अशी की, ज्या तक्रारीस घाई नाही ती दाव्याच्या कागदांतच नोंदवून ठेवण्याचीही सोय होती. अंतिम अपिलाच्या वेळी वरचे न्यायालय तिचा विचार करी. म्हणजे तक्रार दोन प्रकारची मानली: थांबू न शकणारी आणि थांबू शकणारी. १६०३ च्या फिलिपी संहितेपासून १९३९ च्या पोर्तुगीज दिवाणी प्रक्रिया संहितेपर्यंत अग्रावुचे प्रकार बदलले, संख्या कमीअधिक झाली, पण हा भेद टिकला. गोवा १९६१ साली मुक्त झाले. १९६३ च्या डिसेंबरात रेलासांव जाऊन तिच्या जागी न्यायिक आयुक्तांचे न्यायालय आले. आणि १५ जून १९६६ पासून भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता तेथे लागू झाली. कुटुंब व वारसा यांविषयीचा पोर्तुगीज कायदा गोव्यात राहिला, वारसांतील वाटणीची ‘इन्व्हेंतारियु’ ही पद्धतही राहिली. परंतु नित्याच्या दाव्यांतून अग्रावु हा उपाय गेला. खुद्द पोर्तुगालनेही २००७ च्या सुधारणेने तो वेगळा उपाय रद्द करून सर्वांस अपील हे एकच नाव दिले.

आता ब्रिटिश अमलाखालील आपल्या मुलखाकडे वळू. मुंबई, पुणे, बेळगाव येथील न्यायालयांत जी पद्धत रुजली तिच्या मुळाशी इंग्लंडातील दोन परस्परविरुद्ध प्रथा होत्या. तेथील सामान्य विधीची न्यायालये अंतिम निकालापूर्वी वर दाद मागू देत नसत. चॅन्सरी न्यायालयात मात्र पावलोपावली अपील चाले, आणि त्या न्यायालयाची दिरंगाई कुप्रसिद्ध होती. हिंदुस्थानासाठी १८५९ साली पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता झाली. तिच्या ३६३ व्या कलमाने असे ठरविले की दाव्याच्या ओघात झालेल्या हुकुमावर अपील नाही. मात्र अंतिम हुकुमनाम्यावर अपील झाल्यास, मधल्या हुकुमातील ज्या चुकीचा निकालावर परिणाम झाला ती तेथे दाखवून देता येईल. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने महेश्वर सिंग यांच्या बंगालमधील प्रकरणात याच तत्त्वास दुजोरा दिला. प्रत्येक मधल्या हुकुमावर तेव्हाच्या तेव्हा अपील न केल्यास पक्षकाराचा हक्क कायमचा बुडतो, असा कोणताही नियम या देशात नाही, असे त्या न्यायमंडळाने सांगितले. या वचनाचे महत्त्व असे की त्याने पक्षकाराची धास्ती घालविली. आज गप्प राहिलो तर उद्या तोंड बंद होईल, ही भीती असेल तर शहाणा माणूसही उगाच अपिले करतो. गप्प राहूनही हक्क शाबूत राहणार असेल, तर तो थांबण्यास तयार होतो.

१८७७ च्या संहितेने आणखी एक पाऊल टाकले. ज्या मधल्या हुकुमांवर अपील चालेल त्यांची यादीच तिने दिली. हीच व्यवस्था १ जानेवारी १९०९ पासून अमलात आलेल्या १९०८ च्या संहितेत कलम १०४ व त्रेचाळिसावा आदेश या रूपाने आहे. दावा योग्य न्यायालयात नेण्यासाठी वादपत्र परत करणे, तात्पुरता मनाई हुकूम देणे वा नाकारणे, मिळकतीवर रिसीव्हर नेमणे, असे हुकूम या यादीत येतात. वाचकांच्या ध्यानी येईल की, हे बहुतेक असेच हुकूम आहेत की ज्यांची हानी पुढे भरून येणे कठीण. उरलेल्या हुकुमांविषयीची तक्रार कलम १०५ अन्वये अंतिम अपिलात मांडता येते. भाषा वेगळी, मार्ग वेगळा. पण भेद तोच, जो अग्रावुच्या दोन प्रकारांत होता.

यादीबाहेरच्या हुकुमांचे काय? त्यांच्यासाठी पुनरीक्षणाची खिडकी होती. १८६१ च्या कायद्याने हा अधिकार उच्च न्यायालयांस दिला आणि १९०८ च्या संहितेत तो ११५ व्या कलमात आला. खालच्या न्यायालयाने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली असेल तरच तो वापरावयाचा. ज्यास निर्णय देण्याचा अधिकार आहे त्यास चुकीचा निर्णय देण्याचाही अधिकार आहे, अशा आशयाचा दंडक प्रिव्ही कौन्सिलने १८८४ साली घालून दिला होता. न्यायसभाच योग्य नसेल तर आधी ऐकू, निवाडा चुकला असेल तर नंतर ऐकू, या परस्थळाच्या तत्त्वाचीच ही नवी आवृत्ती नव्हे काय? परंतु व्यवहारात पुनरीक्षणाचे अर्ज वाढत गेले, मूळ दप्तर उच्च न्यायालयात मागविले जाऊ लागले, आणि ते परत येईपर्यंत खालचा दावा तारखांवर तारखा खात राहिला.

फौजदारी खटल्यांत हीच अडचण अधिक तीव्रतेने जाणवली. १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम ३९७ च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट सांगितले की अंतर्वर्ती हुकुमाविरुद्ध पुनरीक्षण चालणार नाही. हेतू चांगला होता. खटले लवकर निकालात निघावेत एवढाच. पण अंतर्वर्ती म्हणजे नेमके काय, याची व्याख्या संहितेने केली नव्हती. ती वेळ लवकरच आली, आणि ज्या प्रकरणाने ती आणली त्यातील आरोपी व फिर्यादीचा विषय झालेले मंत्री हे दोघेही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील सुप्रसिद्ध पुरुष होते.

समाजवादी नेते मधु लिमये यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये दिल्लीतील एका पत्रकार परिषदेत महाराष्ट्राचे तत्कालीन विधिमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर काही आरोप केले. मंत्र्याची त्याच्या सरकारी कर्तव्यासंबंधी बदनामी झाली, असे मानून राज्य शासनाने मंजुरी दिली आणि सरकारी वकिलांनी थेट मुंबईच्या सत्र न्यायालयात अब्रुनुकसानीची फिर्याद केली. मंत्र्याने स्वतः फिर्याद न करता सरकारी वकिलाने ती सत्र न्यायालयात करावी, ही सवलत कायद्याने केवळ सरकारी कर्तव्यासंबंधीच्या बदनामीपुरती ठेवली आहे. लिमये यांचे म्हणणे असे की आपले आरोप मंत्र्याच्या खाजगी वर्तनाविषयी होते. सबब हे न्यायालय ही फिर्याद अशा रीतीने ऐकूच शकत नाही. सत्र न्यायाधीशांनी ते अमान्य करून आरोपपत्र ठेवले. लिमये उच्च न्यायालयात गेले, तेव्हा हा हुकूम अंतर्वर्ती आहे, पुनरीक्षण चालत नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे न्यायालयास अधिकार आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्याच न्यायालयात संपूर्ण खटला सोसावयाचा! पोर्तुगीज सत्तेने १९५५ च्या गोवा सत्याग्रहाबद्दल बारा वर्षांची शिक्षा ठोठावलेल्या आणि गोव्याच्या तुरुंगात दीड वर्षाहून अधिक काळ काढलेल्या या पुरुषास खटल्याचे भय नव्हते. प्रश्न तत्त्वाचा होता.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९७७ रोजी निर्णय दिला. तो न्यायमूर्ती उंटवालिया यांनी लिहिला आहे. १८९१ सालच्या एका इंग्रजी निर्णयातील कसोटी अशी होती की, कसाही निर्णय झाला तरी ज्याने वाद संपतो तोच हुकूम अंतिम. बाकीचे सारे अंतर्वर्ती. ही कसोटी येथे काटेकोरपणे लावली, तर पुनरीक्षणाचा अधिकार जवळजवळ निरर्थक होईल, असे न्यायालयास दिसले. म्हणून त्याने अंतिम आणि अंतर्वर्ती यांच्या दरम्यान एक तिसरा, मधला वर्ग मानला. आरोपीचे म्हणणे मान्य झाले असते तर खटला तेथेच संपला असता, अशा मुद्द्यावरील प्रतिकूल हुकूम या वर्गात पडतो आणि त्यावर पुनरीक्षण चालते. शिवाय, न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग उघड असेल तेथे उच्च न्यायालयाचा कलम ४८२ खालील अंगभूत अधिकार या मनाईने सर्वस्वी बांधला जात नाही, पण तो क्वचितच वापरावा, असेही त्याने सांगितले, आणि लिमये यांचा अर्ज गुणदोषांवर ऐकण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत पाठविले. दार बंद, पण खिडकी उघडी: चौदाव्या शतकातील गाऱ्हाण्याची ही नवी कथाच होय. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी ती मनाई कलम ४३८ मध्ये आणि तो अंगभूत अधिकार कलम ५२८ मध्ये कायम आहे.

मात्र एकच शब्द सर्वत्र एकाच अर्थाने चालतो असे नाही. आणीबाणीनंतरच्या खटल्यांसाठी केलेल्या १९७९ च्या विशेष न्यायालय कायद्याखाली १९८० साली हाच प्रश्न आला, तेव्हा त्या कायद्याचा मुख्य हेतू शीघ्रता हा असल्याने, आरोप ठेवण्याचा हुकूम अंतर्वर्तीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. शब्दाचा अर्थ कोशात नव्हे, त्याच्या प्रयोजनात शोधावा लागतो, हे भाषेच्या अध्यापकांस निराळे सांगावयास नको.

दिवाणी बाजूस हाच खेळ पुढे चालू राहिला. १ जुलै २००२ पासून ११५ वे कलम आखडले गेले: मागणाऱ्याच्या बाजूने हुकूम झाला असता तर ज्याने दावाच संपला असता, अशाच हुकुमावर पुनरीक्षण. मधु लिमये प्रकरणातील कसोटीच जणू विधिमंडळाने उचलली. लगेच पक्षकार संविधानाच्या २२६ व २२७ या अनुच्छेदांकडे वळले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मार्ग खुले असल्याचे सांगितले. २०१५ साली दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक हुकुमांपुरता पहिला मार्ग बंद करून दुसरा, देखरेखीचा, तेवढा ठेवला. पुढे २०१८ साली, वरच्या न्यायालयाने दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल, असा दंडक न्यायालयाने घातला. पण पक्षकाराचा दोष नसताना त्याचे संरक्षण केवळ दिवस भरले म्हणून जावे हे न्याय्य नाही, असे दिसून आल्याने पाच न्यायाधीशांच्या पीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तो दंडक रद्द केला.

या सर्व इतिहासावरून आम्हांस एकच निष्कर्ष काढावासा वाटतो. मधली दाद पूर्णपणे बंद करणे कोणत्याही सत्तेस साधलेले नाही. राजा असो, धर्मपीठ असो, विधिमंडळ असो, त्याने दार लावले की ज्याची हानी खरोखर अपरिमित आहे तो दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट मूळ दारापेक्षा अधिक वाकडी व अधिक खर्चाची असते. राजाच्या स्वारीमागे गावोगाव धावणे गरिबास झेपत नसे. उच्च न्यायालयाच्या नगरीत वकील देणे आजही झेपत नाही. म्हणून दार असावे, पण अरुंद असावे. आणि त्यावरील पहारेकऱ्याने एवढेच विचारावे: ही हानी अंतिम निकालाने भरून येईल काय? येत असेल तर थांब, तुझा हक्क शाबूत आहे. येत नसेल तर आत ये.

परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, विलंबाचे खरे मूळ तक्रार वर जाण्यात नाही. तक्रार वर गेली की खालचे जाते थांबते, यात आहे. जुन्या पोर्तुगीज पद्धतीने नकला वर पाठवून मूळ दप्तर जागेवर ठेवले, त्यात मोठे शहाणपण होते. आपल्या संहितेतही अपील केल्याने आपोआप स्थगिती मिळत नाही, आणि २००२ च्या सुधारणेने पुनरीक्षणासही तोच नियम स्पष्ट शब्दांत लावला. हा नियम कागदावर न राहता रोजच्या कामकाजात उतरला, स्थगितीची मागणी मूळ तक्रारीइतक्याच कसोशीने तपासली गेली, तर दार किती रुंद असावे या वादाची धार पुष्कळशी बोथट होईल.

शेवटी आमच्या वाचकांस एक विनंती. निवाडपत्रे आणि महजर यांचा अभ्यास पुष्कळ झाला. पण निवाड्यापूर्वी पक्षकारांनी केलेल्या अर्जांचा, परस्थळाच्या मागण्यांचा, थळाविषयीच्या हरकतींचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. गोव्याच्या पुराभिलेखागारात आणि सीमाभागातील देशमुख-देशपांडे घराण्यांच्या मोडी दप्तरांत त्याची सामग्री सापडण्याजोगी आहे. मोडी जाणणाऱ्या तरुण शिक्षकांनी हे काम हाती घेतल्यास, एकाच प्रश्नास मराठेशाहीने व रेलासांवने दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील, आणि आपल्या न्यायकल्पनेच्या इतिहासात एका नव्या प्रकरणाची भर पडेल.